वळलेला सुळा

९ जानेवारी

आज हातोडी माझ्या टेबलावर आली.

आमच्या कारखान्यात (कारखाना कसला, मागे तीन खोल्या आणि पुढे काचेचं दुकान) कवळ्या होतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवतात. आम्ही त्यावरून प्लास्टरचा साचा ओततो, साच्यावर मेणात एकेक दात लावतो, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी बसते. घासायची, चकचकीत करायची, डबीत घालायची. सगळ्यात शेवटी तपासणी. तपासणीच्या खुर्चीपाशी एक पितळी हातोडी असते. कवळी नापास झाली की डागडुजीचे लाड नाहीत. ज्यानं केली त्याला हाक मारायची आणि त्यानंच ती आपल्या हातानं फोडायची, हा मास्तरांचा नियम. मास्तर म्हणजे मालक. मी नवीन होते तेव्हा इतक्या फोडल्या की विचारू नका. रडले फक्त पहिल्यांदा. मास्तर म्हणाले होते, "रडून झालं की पुन्हा लावायला घे." आता फोडायला लावणारी मी.

मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आजपासून तपासणी हिच्याकडे. हिच्या नजरेतून केस निसटत नाही." बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, अगदी जिवावर आल्यासारख्या. एकटा 'चालतंय' मनापासून हसत होता. त्याला सगळे चालतंय म्हणतात, कारण त्याच्या तोंडात दिवसभर तेवढा एकच शब्द. मी आले त्याच आठवड्यात तोही लागला. मी कुठे पोचले, तो कुठे आहे! अजून दात लावताना गाणी म्हणतो.

घरी आल्यावर आईला सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवून हसायला सुरुवात केली. दात काढल्यापासून ती तशीच हसते. म्हणाली, "म्हणजे आता माझ्या दातांचा नंबर लवकर लागेल." म्हटलं, लागेल की. तुझी तर मी स्वतः करणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

१७ जानेवारी

आईचा साचा आज ओतला. तिच्या हिरड्या सडल्या होत्या म्हणून ऑक्टोबरमध्ये वरचे सगळे दात काढावे लागले. आता हिरड्या भरून आल्यात. साचा सुरेख आलाय. टाळूला मधोमध एक छोटा उंचवटा आहे, वाटाण्याएवढा. असा उंचवटा मी आजवर कुणाच्या साच्यावर बघितला नव्हता. अंगठा फिरवला की लगेच लागतो. कवळीत तिथे खळगा येईल, तो नीट जमवायला पाहिजे, नाहीतर कवळी डुगडुगेल.

आईचा वरचा डावा सुळा आत वळलेला होता. हसली की तोच आधी दिसायचा. लहानपणी माझ्या वर्गातल्या पोरी मला त्यावरून चिडवायच्या. आता तो सरळ करणार. जन्मभर जे कुणी दुरुस्त केलं नाही ते मी करणार. आईला हे सांगितलं नाही, आरशात बघेल तेव्हा कळेल.

२५ जानेवारी

मास्तर विचारत होते, एवढी कामाची शिस्त तुला लावली कुणी? मी म्हटलं, आईनं. दुसरं कोण.

आई पाळणाघरात कामाला. लहान मुलांच्या गाद्यांवरच्या चादरी ती धुवायला घरी आणायची आणि मी घड्या घालायचे. सात-आठ वर्षांची असेन. एकीची जरी कड जुळली नाही तरी आई सगळी थप्पी झटकून खाली टाकायची. एकच चादर नाही, सगळी थप्पी. "आता पहिल्यापासून." मी भोकाड पसरायचे. ती ढिम्म. बाबा गेल्यानंतरची गोष्ट, त्यामुळे मध्ये पडायला कुणी नव्हतं. एकदा तर मी तशीच चादरींवर झोपून गेले, सकाळी उठून पुन्हा घातल्या. तेव्हा वाटायचं ही आई आहे की कोण! आज तिचे पाय धरावेसे वाटतात. ती तशी वागली नसती तर मीही चालतंयसारखी गाणी म्हणत बसले असते.

हल्ली मात्र आई बरीच सैलावली आहे. पाळणाघरातल्या पोरांनी तिला बिघडवलं. ती त्यांना दुपारी उठल्यावर गोष्टी सांगायची, वेगवेगळे आवाज काढून. दात गेल्यावर ते बंद झालं. शब्द नीट फुटत नाहीत, पोरं घाबरली म्हणे. पाळणाघराच्या बाईंनी तिला सुट्टी दिली आहे, दात आले की परत या म्हणून.

४ फेब्रुवारी

आईची पहिली कवळी झाली. काल घरी नेऊन घालून बघितली. आई आरशासमोर उभी राहिली, इकडून तिकडून बघितलं आणि म्हणाली, "छान आहे की गं!" मग, "कोण ही बया, ओळखू येत नाही." दोघी हसलो.

पण मला पुढच्या दोन दातांच्या मध्ये फट दिसली. फट म्हणजे कागदही जाणार नाही एवढी. आई म्हणाली, "अगं असू दे, कुणाला दिसतंय?" तेच ते. कुणाला दिसतंय! मी काढून घेतली. आईनं ती लगेच दिली नाही, जिभेनं धरून ठेवली लहान मुलासारखी. मला हसू आलं.

आज कारखान्यात नेऊन फोडली. स्वतःच्या आईची म्हणून सूट घेतली असती तर उद्या कुणाला तोंड दाखवलं असतं? मास्तरांनी बघितलं. पाठीवर थोपटलं.

१२ फेब्रुवारी

कवळी नापास झाली की करणाऱ्याला हाक मारा, तो येणार, बघणार, तोंड पाडणार, "अहो पण एवढंसं तर आहे" म्हणून वाद घालणार, मग फोडणार. अर्धा दिवस ह्या नाटकात जातो. मी मास्तरांना म्हटलं, नापास झालेली मीच फोडत जाईन, नंतर तुकडे ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवीन. मास्तरांना पटलं. दुसरं म्हणजे आधी बाहेरून बघायचं. दातांची रांग, रंग, मधली रेघ. बाहेरून नापास तर आतून उलटून बघत बसायचं नाही. कामाचा उरक किती वाढला! संध्याकाळी टेबल रिकामं.

चालतंय म्हणाला, "हाक मारायची पद्धत राहू दे गं. माणसाला निदान बोलायला मिळतं."

"बोलून दात सरळ होतात का?"

"नाही होत," म्हणाला आणि गाणं म्हणत निघून गेला. बेशरम नुसता.

२३ फेब्रुवारी

आईची दुसरी कवळी. दात मोत्यासारखे लागले, सुळा रांगेत सरळ, मी स्वतःवरच खूश. आणि घासताना मागच्या दाढेखाली गुलाबी हिरडीत बुडबुडा निघाला! टाचणीच्या टोकाएवढा. तळपायाची आग मस्तकात गेली. फोडली.

घरी आई दाराशीच उभी होती, माझ्या पिशवीकडे बघत. मी मान हलवली. "बरं," म्हणाली. चहात बिस्कीट बुडवून खात बसली. बारीक झाली आहे जरा. होईल सगळं नीट.

७ मार्च

आज आईनं डोकं फिरवलं. तिसरी कवळी पास होण्यासारखी होती, पण रंग अर्ध्या छटेनं पिवळा वाटला. ती फोडल्याचं सांगितलं तर आई एकदम म्हणाली, "अगं, मला भूक लागते."

"मग खा ना. केळी आणलीयेत."

"केळ्यांची नाही. चावायची भूक." मग म्हणाली, "बाईंचा निरोप आला होता. महिनाअखेरपर्यंत नाही आले तर दुसरी बघतील. तू मला पहिली होती तशीच दे. फटीची दे. बुडबुड्याची दे."

मी म्हटलं, "तूच शिकवलंस ना मला? अर्धवट काम घरात आणायचं नाही. चादरी विसरलीस?"

आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणी परकी बाई आहे. म्हणाली, "चादरी होत्या गं त्या."

म्हणजे काय, मला कळलं नाही. चादरींसाठी एवढी शिस्त, मग तोंडात घालायच्या वस्तूसाठी दुप्पट नको? चौथी बिनचूक करते. तोवर तिनं कळ काढावी. पाळणाघर काय पळून जात नाही. खरं सांगायचं तर ह्या वयात तिनं कामावर जावंच कशाला? मी आहे ना मर मर मरायला.

१३ मार्च

कवळ्यांचा ढीग आलाय. मास्तरांनी दोन डॉक्टर नवीन जोडले. मास्तर म्हणतात, "तू आहेस म्हणून हो म्हटलं." रविवारीही जातेय. आईच्या चौथीला हात लावायला फुरसत नाही.

आईचा साचा फळीवर जागेवर नव्हता. शोधला तर चालतंयच्या टेबलाखाली! विचारलं तर म्हणे धूळ बसली होती, पुसायला घेतला. दुसऱ्याच्या साच्याला हात लावायचा नाही म्हणून चारचौघांत झाडला त्याला. "चालतंय," म्हणाला.

एक मात्र मान्य करायला पाहिजे, माझ्या धाकानं तो सुधारलाय. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर जातात आणि हा डबा तसाच ठेवून मेणात डोकं घालून बसलेला असतो. माझी चाहूल लागली की झाकून ठेवतो. लाज वाटत असेल बिचाऱ्याला, काम करताना कुणी बघितलं म्हणून.

२९ मार्च

आईनं तगादा सोडला. आठवडा झाला, दाताचं नावही काढलं नाही. समजूतदार झाली. उलट खुशीत असते. वरच्या मजल्यावरच्या आजारी आजींना सोबत करायला दुपारची जाते, संध्याकाळी माझ्या आधी घरी. मी म्हटलं, जा, तेवढंच मन रमेल. अंगावर थोडं मासही आलंय. म्हणजे मऊ खाऊनही माणूस नीट राहू शकतो, उगाच कांगावा करत होती.

८ एप्रिल

आज सकाळी केराच्या डब्यात सफरचंदाचा अर्धा खाल्लेला तुकडा दिसला. आमच्या घरात सफरचंद खाणार कोण? आई म्हणाली, आजींकडचा, तिथला केर मीच आणते खाली. मी तो तुकडा उचलून बघितला. (धंद्याची सवय. कुणी जांभई दिली तरी मी दाढा बघते.) चाव्याच्या खुणा स्पष्ट होत्या. वरचा डावा सुळा आत वळलेला. आजींना म्हटलं पाहिजे, एकदा दाखवून घ्या. आईला तसं सांगितलं तर ती तोंडावर हात ठेवून इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. एवढं हसण्यासारखं काय होतं देव जाणे.

१४ एप्रिल

कारखान्यात जाताना आई बाजारापर्यंत बरोबर होती. रस्त्यात एका बाईचं बोट धरून चाललेलं पोर आईला बघून ओरडलं, "गोष्टीवाली मावशी! आज राक्षसाची!" आईनं घाईघाईनं मान खाली घातली. मला वाईट वाटलं. इतके महिने झाले तरी पोरं विसरली नाहीत. आईला म्हटलं, चौथी आता घेतेच हातात. ती म्हणाली, "सावकाश कर गं. घाई नाही." बघा, शेवटी तिलाही पटलंच.

२२ एप्रिल, सकाळ

आई आज लवकर उठली, केस धुतले, ठेवणीतला कपडा बाहेर काढला. मला विचारलं, "आज चार वाजता सुटशील? मला तुला काहीतरी दाखवायचंय. लांब नाही, पाळणाघरापाशी."

म्हटलं, चार वाजता? आज डॉक्टरांकडचा माणूस कवळ्यांचे डबे न्यायला येणार, टेबल रिकामं करायचंय. रविवारी बघू.

"रविवारी नसतं ते," म्हणाली. मग म्हणाली, "बरं. काम असेल तर राहू दे." तोंड जरा उतरलं. पण काम टाकून कसं जाणार? तिनंच कधी टाकलं होतं?

२२ एप्रिल, संध्याकाळ

लिहिते. जसं झालं तसं लिहिते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. मास्तर म्हणाले, माणूस लवकर येतोय, दिसेल तो डबा तपासून टाक. मी सगळ्यांच्या टेबलांवरचे डबे गोळा केले. चालतंयच्या खणात एक डबी होती, नाव नाही, नंबर नाही. दडवून ठेवलेली. मला वाटलं नापास होईल म्हणून लपवली. उघडली. बाहेरून बघितली. काम वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू. रंग छान, हिरडी स्वच्छ. पण पुढच्या दातांत फट. आणि वरचा डावा सुळा आत वळलेला. इतका की आंधळ्यालाही दिसेल. मला राग आला. एवढा हात बसलाय आणि लक्ष गाण्यात! बाहेरून नापास. उलटून बघितली नाही. हातोडी घेतली.

एका घावात तीन तुकडे झाले. ते गोळा करून त्याच्या टेबलावर ठेवायला उचलले. टाळूचा तुकडा हातात होता. अंगठा सवयीनं आतून फिरला आणि खळग्यात गेला. वाटाण्याएवढ्या.

पुन्हा फिरवला. पुन्हा गेला.

मी खाली बसले, खुर्चीवर नाही, जमिनीवर. चालतंय पळतच आला, हातात अजून अर्धी पोळी. खण उघडा बघितला, माझ्या हातात बघितलं. पोळी टेबलावर ठेवली.

"फोडलीस?"

मी टाळूचा तुकडा त्याच्यापुढे धरला.

"मावशी तिकडे पाळणाघरात बसल्यात ना," म्हणाला. "कवळी हिरडीला घासत होती म्हणून मघाशी मी जाऊन आणली. पोरं झोपलीत तेवढ्यात घासून देतो म्हटलं होतं. चारला पोरांचे आईबाप येणार, त्यांच्यासमोर गोष्ट सांगायची होती. एवढंसं घासायचं होतं गं. जेवून घेतो आणि घासतो म्हटलं." त्यानं कपाळावर हात मारला. "मी जेवायला गेलो."

"सुळा वाकडा होता," मी म्हटलं. माझ्या तोंडून हेच निघालं.

"तो वाकडाच हवा होता. त्यांनी जुना फोटो आणून दिला मला. म्हणाल्या, हा असाच बसव, पोरं ह्याला बोट लावून बघायची, त्यांना ओळखू आलं पाहिजे. मेणात किती वेळा लावला तेव्हा कुठं तसा वळला." मग म्हणाला, "महिना झाला त्या जातायत कामावर. येताना काढून पिशवीत ठेवायच्या. तुला वाईट वाटू नये म्हणून. तुझी चौथी झाली की ही टाकून देईन म्हणत होत्या."

मी म्हटलं, मला सांगितलं का नाही?

"हाक मारली असतीस तर सांगितलं असतं," तो म्हणाला.

घड्याळात बघितलं, अजून वेळ होता. मी तुकडे चिकटवायला घेतले. फोडलेलं चिकटवायचं नाही हे माझंच सांगणं. सुळा कुठे उडाला कोण जाणे, सापडलाच नाही. सगळी फरशी हातांनी चाचपली. चालतंय पण शोधत होता, गुडघ्यांवर. तेवढ्यात डॉक्टरांकडचा माणूस आला आणि मास्तरांनी हाक मारली. मी उठले आणि डबे मोजून दिले. हे का केलं मला ठाऊक नाही. हाक मारली की उठायचं, एवढंच अंगवळणी पडलंय. परत आले तर चालतंय निघून गेला होता, आईला सांगायला.

मी चारला गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार होते?

आई आली तेव्हा अंधार पडला होता. ठेवणीतला कपडा तसाच होता अंगावर. मी दिवा लावला नव्हता. तिनं लावला. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "वाकडा दिसला ना तुला?"

मी मान हलवली.

"माझाच होता गं तो," म्हणाली. आणि आत गेली.

२३ एप्रिल

कामावर गेले. घरी बसून काय करणार?

३० एप्रिल

आई रागावली असती तर बरं झालं असतं. भांडली असती, थप्पी झटकावी तसं मला झटकून टाकलं असतं तर मी पहिल्यापासून घड्या घातल्या असत्या. ती रागवत नाही. "जेवलीस का?" विचारते. स्वतः दुधात काहीतरी कुस्करून खाते.

त्या दिवशी काय झालं ते पाळणाघराच्या बाईंकडून कळलं, मीच गेले होते. पोरं उठली, आईबाप येऊन बसले. आई पुढे गेली. तोंडावर हात धरून तिनं सुरुवात केली, पण शब्द फुटेनात. राक्षसाचा आवाज काढायला हात बाजूला केला तर एक पोर रडायला लागलं. मागे दोन बाया एकमेकींकडे बघून हसल्या. बाई म्हणाल्या, "मला वाईट वाटतं, पण आईबापांनी नावं ठेवली की मला बघावंच लागतं." नवीन मुलगी ठेवली आहे. चटपटीत आहे म्हणे.

मी म्हटलं, मी आठवड्यात कवळी करून देते, सगळं टाकून. बाई म्हणाल्या, "आता कशाला?"

चालतंयनं काम सोडलं. जाताना तो फोटो माझ्या टेबलावर ठेवून गेला. मास्तर म्हणाले, बरं झालं, गबाळं गेलं. मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं.

११ मे

आईला म्हटलं, मी करते. तशीच करते, सुळा वळवून. तू घाल. कामाला नाही तर नाही, घरात हसायला तरी. ती म्हणाली, "तसाच करशील तर घालीन. नाहीतर नको."

फोटो समोर ठेवून बसले. फोटोत आई माझ्याएवढी आहे आणि तोंड भरून हसते आहे. सुळा आत वळलेला, आणि खरं सांगते, सगळं हसू त्याच्यामुळेच आहे. हा दात मी जन्मापासून बघितला. घास भरवताना, रागावताना, माझं नाव घेताना. आणि मी काय बघत होते?

मेण गरम केलं, सुळा बसवला, वळवला. बरोबर वाटला म्हणून पुढच्या दाताला लागले. परत बघते तर हा सरळ! मीच केला होता. कधी केला आठवत नाही, सुरीचं टोक आपोआप लागलं असणार. पुन्हा वळवला. आता नुसता वाकडा दिसायला लागला, कुणीतरी धक्का दिल्यासारखा. आईचा नाही. पुन्हा. पुन्हा. चुकीचा करायला हातच वळत नाही माझा. चूक कशी करतात ते मी विसरले आहे, आणि त्याचा मला आजवर केवढा अभिमान होता!

१९ मे

चालतंयकडे गेले होते. तो आता लाकडी खेळणी करणाऱ्याकडे असतो. बाहुल्यांचे चेहरे रंगवत होता, गाणं म्हणत. मला बघून गाणं थांबवलं. मी म्हटलं, तू कर, मी मेण-बिण सगळं आणून देते. त्यानं ब्रश पुसून ठेवला. मग म्हणाला, "मावशींनीच नको म्हटलंय. परवा आल्या होत्या. पुन्हा पिशवीत लपवायचं त्राण नाही म्हणाल्या."

म्हटलं, आता लपवायचं कशाला? मला सगळं ठाऊक आहे.

"हे मी पण म्हटलं त्यांना," तो म्हणाला. "त्या म्हणाल्या, घातली की पोरगी दाताकडे बघणार. बोलली नाही तरी बघणार."

मला त्याला खोटं पाडायचं होतं. जमलं नाही.

२ जून

मी केलेली कवळी शेवटी मेणातून पुढे नेलीच. मेण किती दिवस ठेवणार. फट नाही, बुडबुडा नाही, रंग बिनचूक, सुळा रांगेत. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम. हातोडी हातात घेतली होती. फोडायला कारणच सापडेना.

आईपुढे ठेवली. तिनं हातात घेऊन नीट बघितली, उलटून आतूनही बघितली, खळग्यात बोट घातलं. "सुंदर झालीये," म्हणाली. "कुणाची?"

परत डबीत ठेवून डबी माझ्या हातात दिली. मग धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायला बसली. आमच्याच चादरी. मीही बसले समोर. तिच्या हातातल्या चादरीची कड जुळत नव्हती, माझा हात पुढे गेला. तिनं चादर आपल्याकडे ओढून घेतली. म्हणाली, "राहू दे."

१० जून

मास्तरांनी कवळी बघितली. बराच वेळ उजेडात धरून बघत राहिले. म्हणाले, "असं काम माझ्या हातून पण झालं नाही कधी. ही पुढे लावू, नमुना म्हणून." मी हो म्हटलं की नाही आठवत नाही. आता ती दर्शनी कपाटात आहे, निळ्या मखमलीवर, वर दिवा. येणारेजाणारे थांबून बघतात. एक म्हातारे गृहस्थ आत येऊन विचारत होते, मला अशीच मिळेल का?

आई बाजाराला जाते ती ह्याच रस्त्यानं. मी आतून बघते. ती थांबत नाही, पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पलीकडच्या कडेनं जाते.

संध्याकाळी कपाटाची काच पुसली. एका कोपऱ्यात डाग राहिला होता, म्हणून सगळी पुन्हा पुसली.